पासपोर्टसाठी गल्लीची साक्ष

आखातातल्या कंपनीला माझ्याबद्दल दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या होत्या. पाण्याचा पंप खोलता येतो का, आणि खोललेला पंप परत जोडता येतो का. दोन्हीला मी हो म्हटलं आणि मला नोकरी लागली. आपल्या सरकारचं मात्र तेवढ्यावर भागत नव्हतं. मी कोण, कुठला, माझा बाप कोण, तो कुठे जन्मला, माझ्या अंगावर ओळखीची खूण कोणती, मी बरा माणूस आहे असं सांगणारी दोन भली माणसं कोणती, हे सगळं कागदावर हवं होतं. इतकी माहिती तर माझ्या बहिणीच्या लग्नात व्याह्यांनीसुद्धा मागितली नव्हती.

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं होती. मी जळगावला एका तेलगिरणीत फिटर होतो, मेहरूणला तिघांत एक खोली घेऊन राहत होतो. घर धुळ्याला. शनिवारी संध्याकाळी हात रॉकेलने धुवायचे, एस.टी. पकडायची आणि आईच्या हातचं जेवायला घर गाठायचं, हा नेम. वडील मी शाळेत असतानाच गेले. बहीण लग्न होऊन शिरपूरला. म्हणजे धुळ्याच्या घरात आई एकटी, आणि शनिवारी रात्री मी.

गिरणीतला माझा उस्ताद आधीच तिकडे गेला होता, समुद्राचं खारं पाणी गोडं करायच्या कारखान्यात. त्याने माझं नाव सुचवलं आणि कंपनीचा कागद आला. तिकडे त्याला ना हरकत म्हणत, आमच्याकडे सगळे व्हिसाच म्हणत. कागदावर मुदत होती. मुदतीच्या आत पासपोर्ट काढून हजर झालो नाही तर जागा दुसऱ्याला देऊ, असं त्यांनी सरळ कळवलं होतं. एवढा स्पष्टपणा मला आजवर कोणत्याही नातेवाइकात आढळला नव्हता.

मला जायचं होतं. फार जायचं होतं. गिरणीचा हंगाम संपला की आम्ही फिटर लोक जुने बोल्ट तेलात बुडवून पुसत बसायचो, आणि मुकादम म्हणायचा, पुसा, पुसा, पगार पुसायचाच आहे. पंचविशीतला माणूस किती बोल्ट पुसणार? उस्तादाने लिहिलं होतं की तिकडचा एक पंप आपल्या अख्ख्या गिरणीएवढा आहे. मला तो पंप बघायचा होता. पैसे मिळणार होते हेही खरं, पण त्या पंपाने माझी झोप उडवली होती.

आईने नको म्हटलं नाही. नको म्हणणं ही तिची पद्धतच नव्हती. तिने गल्लीत एवढंच सांगून ठेवलं, "मना पोऱ्याकरता पोर दखा." मुलाला मुलगी बघा. लग्न झालं की हे परदेशाचं खूळ आपोआप उतरेल, असा तिचा हिशेब होता. कागद जमवायला तिने मला सगळी मदत केली. शाळेचा दाखला तांदळाच्या डब्यातून काढून दिला. ओळखीची खूण मला सापडेना तेव्हा माझी डावी बाही वर करून कोपराजवळचा चटका दाखवला. रांगत असताना मी तापलेला चिमटा धरला होता म्हणे. ती हे सगळं इतक्या खुशीने करायची, कारण एवढे कागद जमतील आणि पासपोर्ट येईल यावर तिचा काडीचाही विश्वास नव्हता.

कागद जमत गेले तरी. आग्रा रोडवरच्या स्टुडिओत फोटो काढला. कोट स्टुडिओचाच होता, पाठीमागून टाचण्या लावून माझ्या मापाचा केलेला. तहसील कचेरीत एका साहेबांच्या सहीसाठी मी इतक्या फेऱ्या मारल्या की तिथला शिपाई मला स्टाफमधला समजून माझाही चहा सांगायला लागला. शेवटी अर्ज मुंबईला गेला. आता एकच गोष्ट उरली होती, पोलीस चौकशी. मुंबईहून कागद धुळ्याच्या पोलिसांकडे येणार, ते घरी येऊन विचारपूस करणार, अहवाल पाठवणार आणि मग पासपोर्ट. मी निर्धास्त होतो. आमच्या गल्लीत माझ्याविरुद्ध बोलणारं कोण होतं?

इथे आमच्या गल्लीची रीत सांगायला हवी. धुळ्याच्या आमच्या भागात गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत, पण म्हणून गल्लीला अब्रू नसते असं नाही. लग्नाचा मुलगा असलेल्या गल्लीत मुलीकडचा माणूस चौकशीला यायचाच. तो थेट घरी येत नसे. कोपऱ्यावरच्या दुकानात टेकायचा, पाणी मागायचा, मग सहज विचारल्यासारखं करून विचारायचा, "ते अमकं घर कसं आहे हो? मुलगा कसा आहे?" एवढं झालं की सगळी गल्ली एक व्हायची. मुलगा जसा असेल त्याच्यावर दोन पायऱ्या चढवून सांगायचं, हे शेजारधर्मात धरलेलं होतं. मुलगी देणाऱ्यालाही ते ठाऊक असायचं. तो ऐकलेल्यातून दोन पायऱ्या उतरवून घ्यायचा, आणि माणूस खरा जिथे असेल तिथे दोघांची गाठ पडायची. क्वचित कोणी भांजी मारायचं, म्हणजे मुद्दाम काहीतरी वाईट सांगून ठरत आलेलं लग्न मोडायचं. पण तेही ओळखायची रीत होती. फारच वाईट सांगितलं तर समजायचं, ह्यांच्या घरात लग्नाची मुलगी आहे.

तर अशा गल्लीत एका मंगळवारी एक गृहस्थ आले. मी जळगावला बोल्ट पुसत होतो, त्यामुळे पुढचं सगळं मी नंतर चौघांकडून ऐकलेलं आहे. पांढरा पायजमा, पांढरी टोपी, काखेत छत्री, पायात करकर वाजणाऱ्या वहाणा. ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात टेकले. पाणी मागितलं. आणि म्हणाले, "ते जळगावला नोकरीला असतात, त्यांचं घर कसं आहे हो? मुलगा कसा आहे?"

ते पोलिसांच्या गुप्त शाखेतले जमादार होते. साध्या वेषात येणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता. पोलीस म्हटलं की लोक दार लावून घेतात, म्हणून आपण कोण ते ते सांगत नसत आणि लोक जे समजतील ते समजू देत. बहुतेक ठिकाणी लोक त्यांना मुलीकडचे समजत आणि भडाभडा बोलत. जमादारांना वाटायचं, काय मोकळी माणसं आहेत!

दुकानदार शेठजी मूळचे मारवाडकडचे, पण तीन पिढ्या धुळ्यात. ते मराठी आमच्यापेक्षा गोड बोलत. त्यांनी लगेच चहा मागवला आणि सांगितलं, की घराणं मोठं आहे, रावेरला केळीची बाग आहे. खरी गोष्ट अशी की माझा मामा रावेरला केळी भरायच्या ट्रकवर होता आणि येताना घडभर केळी आणायचा. त्यातली शेठजींकडेही जायची. शेजारचे नाना निवृत्त शिक्षक. त्यांना कोणी विचारलंही नव्हतं, ते ओट्यावरून उतरून स्वतः दुकानात आले आणि म्हणाले, "मुलगा इंजिनिअर आहे. माझा विद्यार्थी. पहिल्यापासून पहिला." मी मॅट्रिकला एकदा आपटलो होतो आणि गणितात आपटलो होतो, आणि गणित नानाच शिकवायचे.

समोरच्या अक्का तेवढ्या वेगळ्या निघाल्या. जमादार त्यांच्या दारावरून जात असताना त्यांनीच हाक मारून आत बोलावलं आणि आवाज खाली करून सांगितलं, "मुलगा चांगला शे, पन त्यानी एक बायको भुसावळले शे म्हनतस." म्हणजे भुसावळला माझी एक बायको आहे म्हणे. ऐकीव गोष्ट आहे, माझं नाव सांगू नका, असंही वर बजावलं.

शेवटी जमादार आमच्या घरी आले. आईने त्यांना पाट दिला, गूळ-पाणी दिलं. तिचा आनंद पोटात मावत नव्हता, इतक्या लवकर स्थळ येईल असं तिला वाटलं नव्हतं. मुलगी द्यायची म्हणजे लोक पहिलं काय बघतात, तर मुलगा घर सोडून कुठे दूर तर जाणार नाही ना. तिने त्यांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "मना पोऱ्या माले सोडीसन कोठेच जावाव नही." मला सोडून कुठेच जाणार नाही. जमादार म्हणाले, "कुठेच नाही?" आई म्हणाली, "कोठेच नही."

शनिवारी मी घरी आलो तर घरात सण असल्यासारखे खापरावरचे पुरणाचे मांडे. नाना ओट्यावरून मिशीतल्या मिशीत हसत होते. "स्थळ आलं होतं," आई म्हणाली. कुठलं, तर ते विचारायचं राहून गेलं. नाना म्हणाले, बोलण्यावरून पारोळ्याकडचे वाटले. मी चार मांडे खाल्ले आणि कुठल्या तरी पारोळ्याच्या मुलीवर मनातल्या मनात चिडलो. माझ्या पासपोर्टच्या आड ती का येत होती?

पुढच्या आठवड्यात पोलीस कचेरीचं बोलावणं आलं. टेबलामागे एक साहेब बसले होते, समोर माझा अर्ज आणि अहवाल. बाजूला एक जमादार उभे होते, गणवेशात, त्यामुळे छत्रीवाले गृहस्थ ते हेच, हे मला कळायचं काही कारण नव्हतं.

"तुम्ही इंजिनिअर आहात?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. फिटर."

"रावेरला तुमची केळीची बाग आहे?"

"नाही साहेब. मामा ट्रकवर आहे."

"भुसावळला बायको आहे?"

"कोणाला?"

"तुम्हाला."

मी मूळचा तापट. पोलीस कचेरीत आहे हे विसरून मी टेबलावर हात आपटला. शाईची दौत हलली. साहेबांनी ती शांतपणे धरली आणि अहवालातलं शेवटचं वाक्य वाचलं. अर्जदाराची आई म्हणते की मुलगा घर सोडून कुठेही जाणार नाही. "आता तुम्हीच सांगा," ते म्हणाले. "अर्जातला माणूस फिटर आहे, अविवाहित आहे आणि त्याला परदेशी जायचंय. गल्लीतला माणूस इंजिनिअर आहे, बागायतदार आहे, लग्न झालेला आहे आणि तो कुठेच जाणार नाही. मग हा पासपोर्ट तुमच्या नावावर काढून जाणार कोण आहे?"

असले प्रकार तेव्हा होत असत म्हणे, एकाच्या नावावर पासपोर्ट आणि विमानात दुसराच. हात आपटणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं. मी मीच आहे हे मी कशावरून सिद्ध करणार? बाही वर करून कोपराचा चटका दाखवला. जमादारांनी वाकून पाहिला आणि म्हणाले, "साहेब, हा बरोबर आहे."

ते बोलणं मला पारोळ्याकडचं वाटलं, आणि नानांनी सांगितलेले पारोळ्याचे छत्रीवाले गृहस्थ आठवले. "तुम्ही छत्री घेऊन आला होतात का?" मी विचारलं. जमादार म्हणाले, हो. "मांडीवर टोपी ठेवून गूळ-पाणी घेतलंत?" हो. मी डोक्याला हात लावला आणि साहेबांना आमच्या गल्लीची रीत समजावून सांगितली. ऐकता ऐकता साहेबांनी अहवाल तोंडासमोर धरला. अहवाल हलत होता.

जमादार मात्र गंभीर होते. "मी एकदाही म्हटलं नाही की मी मुलीकडचा," ते म्हणाले. "मी एवढंच विचारलं, मुलगा कसा आहे."

"अहो, तेच तर!" साहेब म्हणाले. त्यांनी फेरचौकशीचा हुकूम दिला आणि मला बजावलं, "गल्लीला सांगा, खरं बोला म्हणावं. ह्याही वेळी जुळलं नाही तर मी नकारात्मक अहवाल पाठवणार."

मी घरी गेलो तो धुमसत. नानांच्या ओट्यावरच सगळ्यांना गाठलं. मी ओरडलो, माझं वाटोळं केलंत म्हणालो, व्हिसाची मुदत सांगितली. कोणी खाली मान घातली असं समजू नका. नाना उलट माझ्यावरच उखडले. "फिटर म्हटलं असतं तर मुलगी कोण देणार होतं?" शेठजी म्हणाले, "बाग नाही मान्य, पण केळी तर येतात ना?" ही सगळी माझ्या भल्यासाठी झालेली गोष्ट होती आणि मीच कृतघ्न ठरत होतो. अक्कांचं दार बंद होतं. भुसावळच्या बायकोचा शोध कोणी लावला हे सगळ्यांना एव्हाना कळलं होतं, कारण अक्कांची भाची लग्नाची आहे हेही सगळ्यांना माहीत होतं.

आई उंबऱ्यात डाळ निवडत बसली होती. मी तिच्याकडे वळलो. "आणि तू काय सांगितलंस?"

"माले काय माहीत, तो पोलीस शे," ती म्हणाली. तिने डाळीतला खडा बाजूला टाकला. "मी मना मनमा व्हतं ते सांगं."

मनात होतं ते सांगितलं. त्याच्यावर ओरडायला मला काही सुचलं नाही, म्हणून मी पुन्हा नानांवर ओरडलो.

फेरचौकशीला जमादार गणवेशात आमच्या घरी आले. मला आतल्या खोलीत बसवलं होतं, बोलायचं नाही या अटीवर. नाना आधी. "फिटर आहे," नाना म्हणाले. एवढं म्हणायला त्यांना जो त्रास झाला तो मला भिंतीपलीकडून जाणवला. मग राहवेना. "पण अत्यंत हुशार फिटर."

"हुशार लिहीत नाही," जमादार म्हणाले. "मॅट्रिक?"

"झालेला आहे."

"पहिल्या खेपेत?"

"त्या वर्षी त्याची तब्येत..."

"तब्येतीचं विचारलेलं नाही, गुरुजी."

"दुसऱ्या खेपेत," नाना म्हणाले, आणि त्यांचा खाकरण्याचा आवाज आला.

शेठजींनी बाग मागे घेतली. घेताना एवढं मात्र विचारलं, की ट्रक लिहिण्यापेक्षा केळीचा व्यवसाय असं लिहिता येईल का. जमादार म्हणाले, मामाचं काहीच लिहायचं नाहीये. शेठजींना ते फारच लागलं.

मग अक्का आल्या. त्या येणार नाहीत अशी मी मनाची तयारी केली होती आणि त्यांना सुनवायची वाक्यंही घोकून ठेवली होती. डोक्यावरून पदर घट्ट ओढून त्या उभ्या राहिल्या. गल्ली दाराशी जमलेली, सगळ्यांचे कान इकडे. "बायको नही त्याले," त्या म्हणाल्या. "मी खोटं सांगं. मनी भाचीकरता मना मनमा व्हतं." आपल्या भाचीसाठी हा मुलगा मनात होता, असं चारचौघांत, पोलिसांसमोर, स्वतःच्या तोंडाने सांगणं सोपं नव्हतं. मुलीचं नाव त्यात आपोआप येतंच. माझा राग तिथल्या तिथे उतरला. घोकलेली वाक्यं वाया गेली याचंही काही वाटलं नाही. त्यांच्या भाचीचं त्याच वर्षी नंदुरबारला चांगलं झालं, म्हणून आता हसत सांगू शकतो.

शेवटी आई. जमादारांनी विचारलं, "मावशी, मागच्या वेळी तुम्ही म्हणालात मुलगा कुठेच जाणार नाही. ते खोटं होतं ना?"

बाकी सगळे खोटं होतं म्हणून मोकळे झाले होते. आईने पदर सारखा केला. मी आतून भिंतीला कान लावला. माझा सगळा परदेश तिच्या उत्तरावर टांगलेला होता.

"तो म्हनस जावानं शे," ती शेवटी म्हणाली. "मंग जात व्हई." म्हणतो जायचंय, तर जात असेल. बातमी कोणा परक्याच्या घरची असावी तशी. जमादारांनी तेवढ्यावर भागवून घेतलं.

पासपोर्ट आला त्या दिवशी पोस्टमनने तो घरी देण्याआधी गल्लीत हाळी दिली. गडद निळं पुस्तक. ते हातोहात फिरलं. शेठजींनी तूप मोजायचं थांबवून हात पुसून हातात घेतलं. नानांनी पहिल्या पानापासून मोठ्याने वाचलं, ज्यांचा ज्यांचा याच्याशी संबंध येईल त्यांनी या माणसाला विनाअडथळा जाऊ द्यावं, असं राष्ट्रपतींच्या नावाने लिहिलं होतं. "म्हणजे आपल्यालाही लागू," नाना म्हणाले आणि सगळ्यांकडे करडेपणाने पाहिलं. फोटोतला मी टाचण्या टोचत असल्यासारखा दिसत होतो, आणि टोचतच होत्या. आईने पुस्तक हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि देवाच्या फळीवर ठेवलं. त्या दिवसापासून तिने मुलगी बघा म्हणणं बंद केलं. माझ्या ते ध्यानातही आलं नाही. मी देवीच्या आणि कॉलऱ्याच्या लशी टोचून घेण्यात, त्याच्या पिवळ्या पुस्तकावर शिक्के मिळवण्यात आणि मुंबईच्या कचेरीतून बाहेरदेशी कामाला जायची परवानगी आणण्यात गढलो होतो. गिरणीचा राजीनामा दिला. मेहरूणची खोली सोडली. तिकिटाची तारीख आली.

आणि निघायच्या आधीच्या आठवड्यात जमादार पुन्हा आले. पांढरा पायजमा, पांढरी टोपी, काखेत छत्री.

गल्लीचा थरकाप उडाला. ते दुकानाशी पोचतात न पोचतात तोच शेठजी आतून ओरडले, "बाग नाही हो साहेब! काहीच नाही रावेरला!" नाना ओट्यावरून उभे राहून म्हणाले, "फिटर! दुसऱ्या खेपेत!" अक्कांनी तर खिडकीतूनच हात हलवून सांगितलं, बायको नाही, बायको नाही. जमादार कोणाकडे न बघता सरळ आमच्या दारात आले.

"आज सरकारी काम नाही," ते म्हणाले. त्यांनी छत्री कोपऱ्यात उभी केली आणि हातातला पेढ्यांचा पुडा आईपुढे ठेवला. त्यांच्या बहिणीची मुलगी चोपड्याला होती, एकुलती एक, मॅट्रिक झालेली. मुलाची चौकशी त्यांनी स्वतः दोनदा केली होती, एकदा खोटी आणि एकदा खरी, आणि खरीतही मुलगा नापसंत करावा असं काही निघालं नव्हतं. "असा तपासलेला मुलगा उभ्या खान्देशात सापडायचा नाही," ते म्हणाले. एकच होतं. मुलगी एकुलती, तेव्हा जावई लांब नको. त्यांच्या मेहुण्यांची ओळख होती, धुळ्यातच सरकारी वर्कशॉपमध्ये फिटरची कायमची जागा होती. "घर इथं, नोकरी इथं, आई डोळ्यांसमोर. बाहेरदेशी कशाला जायचं?"

म्हणजे आईने मागितलं होतं ते सगळं एका पुड्यात बांधून दारात आलं होतं. आणि खरं सांगतो, मलाही त्या वेळी जाऊ नये असं वाटलं. इतके दिवस कागदांशी भांडण्यात जाण्याची भीती वाटायला सवडच मिळाली नव्हती. आता पेटी अर्धी भरलेली होती, कोपऱ्यात दिसत होती. तिकडे आपलं कोणी नाही, भाषा येत नाही, आणि इथे कायमची जागा. त्या एवढ्या मोठ्या पंपाचंही मला काही वाटेना. मी आईकडे पाहिलं. तिने थांब म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी थांबलो असतो आणि आयुष्यभर म्हटलं असतं, आईसाठी राहिलो.

आईने जमादारांना चहा दिला. मुलीचं विचारलं, शिवण येतं का, उंची किती, फोटो आणला का. फोटो हातात घेऊन उजेडात नीट पाहिला. चांगली आहे म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. मग फोटो परत पुड्याशेजारी ठेवला.

"आत्ते नही, भाऊ," ती म्हणाली. आत्ता नाही. "त्याले परत येऊ द्या. मंग पोर बसेल व्हई ते दखूत." मुलगी तोवर थांबली असेल तर बघू.

जमादार चकित झाले. "मावशी, अहो, तुम्हीच तर मला सांगितलं होतं, मला सोडून कुठेच जाणार नाही. मी लिहून घेतलं होतं!"

"लिखं व्हतं ते खरं व्हतं," आई म्हणाली. तिचा आवाज इतका साधा होता की तो मला आजही ऐकू येतो. "मी ऱ्हाय म्हनं ना, ते हाऊ ऱ्हाई जाई. लगेच ऱ्हाई जाई. म्हनीसन मी म्हनत नही." राहा म्हटलं तर हा राहून जाईल, म्हणून मी म्हणत नाही. मग ती माझ्याकडे न बघता उठली. "हाई कोनीच तुमले सांगं नही ना? हाई बी लिखी ल्या तुमना कागदमा." हे कोणी तुम्हाला सांगितलं नाही ना, हेही लिहून घ्या तुमच्या कागदात.

त्या दिवशी जमादारांजवळ कागद नव्हता. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि उरलेला चहा संपवला. आई आत गेली, माझ्या अर्ध्या भरलेल्या पेटीपाशी बसली आणि पेटीतले कपडे सगळे बाहेर काढून पहिल्यापासून नीट घड्या घालून भरायला लागली.